साहेबांचा अंगठा

लिफ्टच्या दारावर साहेबांचा फोटो लावला होता. हाताची घडी, भुवया उंच, खाली ओळ: 'सुरक्षेची सुरुवात माझ्यापासून.' दार उघडलं की साहेब मधोमध दुभंगायचे आणि माणसं त्यांच्या पोटातून आत शिरायची. वहिनींना सकाळी तेवढंच काय ते बरं वाटायचं.

वहिनी साहेबांच्या, म्हणजे कंपनीच्या सीईओंच्या, सेक्रेटरी. त्यांचे दीर पूर्वी याच ऑफिसात होते, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. साहेब तेवढे 'अहो बाई'. कंपनी रक्त-लघवी तपासायची. शाखा ढिगानं, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाचे रिपोर्ट कॉम्प्युटरात.

त्या कॉम्प्युटरांची राखण करणाऱ्या इंजिनिअरला ऑफिसनं चौकीदार असं नाव ठेवलं होतं. बोलण्याआधी माफी मागणारा माणूस. त्यानं नियम केला: पासवर्ड टाकला की फोनवर विचारणा येणार, 'तुम्हीच आहात का?' फोनवर 'हो' दाबलं तरच आत जाता येणार. शिपायापासून सीईओपर्यंत सगळ्यांना.

साहेब भडकले. "माझ्याच घरात मला विचारणार, कोण तुम्ही?"

"माफ करा साहेब, पण सगळ्यात जास्त दारं तुमच्याच किल्लीनं उघडतात. म्हणून तर—"

"मग सगळ्यात कमी त्रास मला व्हायला हवा."

त्यांनीच तोडगा काढला. विचारणा ज्यावर येते तो फोन वहिनींच्या ड्रॉवरमध्ये टाकला. वाजला की 'हो' दाबायचं. "बाई, आजपासून तुम्ही माझा अंगठा."

नाकात घालायचं बोट नाही म्हणाले, हे नशीब, असं वहिनींच्या मनात आलं.

"असं नका करू साहेब," चौकीदार म्हणाला. "हात जोडतो."

"जोडलेत ना? आता तसेच घेऊन खाली जा."

मग ती रीतच पडली. फोन गुरगुरायचा, वहिनी एका हातानं पत्र टाइप करत दुसऱ्या हातानं 'हो' दाबायच्या. दूध उतू जायच्या आत गॅस बंद करावा, तसं.

एका दुपारी साहेब वहिनींच्या टेबलासमोरच्या सोफ्यावर बसून नखं कापत होते. स्वतःच्या केबिनमध्ये कचरा नको म्हणून. त्यांचा कॉम्प्युटर आत बंद होता. आणि ड्रॉवरमधला फोन गुरगुरला.

"साहेब, तुम्ही तर इथं बसलायत. मग आत कोण जातंय?"

"घरचा टॅब असेल. दाबा."

"चौकीदारांना विचारू का खाली?"

"त्याला विचारलं तर तो लिफ्टलासुद्धा कुलूप लावेल." फोन पुन्हा वाजला. "अहो बाई, त्याच्या किरकिरीनं माझं बोट कापलं जाईल! दाबा आणि गप्प करा त्याला."

एक नख उडून वहिनींच्या चहात पडलं. त्यांनी 'हो' दाबलं आणि चहा बेसिनमध्ये ओतला.

साहेबांच्या नावानं आत कोण शिरलं, ते कधीच कळलं नाही. काय नेलं, ते मात्र काही दिवसांत अख्ख्या जगाला कळलं. लोकांचे रिपोर्ट नावानिशी इंटरनेटवर उघडे पडले. कुणाला काय आजार, कुणाला दिवस गेलेत, कुणी घरच्यांपासून काय लपवलंय, सगळं. ऑफिसचे फोन थांबेनात.

"बाई, तुम्ही घ्या," साहेब म्हणाले. "बाईमाणसाचा आवाज ऐकला की लोक निवतात." आणि स्वतः काळा टाय लावून कॅमेऱ्यासमोर गेले. शत्रू अदृश्य आहे म्हणाले. आपणही तितकेच दुखावलोय म्हणाले.

एका आईचा फोन आला. "माझ्या मुलीचा रिपोर्ट तिच्या कचेरीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय हो. ती दार लावून बसलीय. तिला काय सांगू मी?"

छापील उत्तर समोर होतं. ते वहिनींनी पालथं घातलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का हो?" तशी ती बाई रडायला लागली. तिचं रडणं थांबेपर्यंत वहिनींनी फोन ठेवला नाही.

चौकशी समिती बसायची होती त्या सकाळी साहेबांनी वहिनींना केबिनमध्ये बोलावलं. खांद्यावर हात ठेवला.

"फोन तुमच्याकडे कसा आला, विचारतील. चौकीदारानं आणून दिला, सांगा. त्याची नोकरी जाईल, पण तरुण आहे, लागेल कुठंतरी. तुम्हाला या वयात कोण घेणार?"

वहिनींना आपला खांदा काढून तिथंच ठेवून यावासा वाटला.

बाहेर चौकीदार उभा होता. त्याला वास लागलेलाच होता. "माफ करा वहिनी. तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी रागावणार नाही. फक्त बायकोला अजून बोललो नाहीये."

"रागावणार नाही म्हणे! आधी रागवायला शिका."

समितीत कंपनीचेच तीन संचालक होते. साहेब त्यांच्याच रांगेत बसलेले. वहिनींनी सगळं सांगितलं: फोन कुणी दिला, कुणी हात जोडले, त्या दुपारी 'दाबा' कोण म्हणालं. नखसुद्धा सांगितलं. साहेब छताकडे बघत होते.

"बाई, तुमचा साहेबांवर काही राग आहे का?" अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं. "कुठला जबाबदार माणूस आपला फोन असा दुसऱ्याच्या हाती देईल?"

"तुम्ही दिलाय की," वहिनी म्हणाल्या. "तुमचा तुमच्या सेक्रेटरीच्या पर्समध्ये असतो. या शेजारच्या संचालकांचा ड्रायव्हरकडे. आम्ही डबा एकत्रच खातो."

एकानं बशीतलं बिस्किट उचललं आणि पुन्हा ठेवलं. मग अध्यक्ष म्हणाले, व्यक्तीला दोष देऊन उपयोग नाही, दोष पद्धतीचा आहे. माना डोलल्या. साहेब वाचले, म्हणून चौकीदारही वाचला. एकाला बुडवायचं तर सगळ्यांनाच ओलं व्हावं लागलं असतं.

बाहेर येताना मंडळी हसत होती. वर्गात कॉपी करताना सापडलेली पोरं हसतात, तशी. "बाईंनी बरोबर पकडलं हं आपल्याला!" अध्यक्षांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली.



चौकीदार पुढं झाला. या वेळी त्यानं माफी मागितली नाही. "उद्यापासून 'हो' ज्याचं त्यानंच दाबायचं. नाहीतर मी खातं बंद करणार. साहेब, तुमचं पहिलं."

साहेबांनी अंगठा वर करून सगळ्यांना दाखवला. "चालेल! पण कसा दाबायचा ते आधी शिकवायला लागेल हं मला."

पुन्हा हशा पिकला. चौकीदार तिथंच उभा राहिला, कान लाल, पण जागचा हलला नाही. वहिनींनी त्याच्या दंडाला हलकेच हात लावला आणि त्या हसणाऱ्या घोळक्यातून वाट काढत आपल्या टेबलाकडे गेल्या. टेबलावर लोकांचा फोन वाजत होता, आणि तो घ्यायला दुसरं कुणी नव्हतं.