लाल पुस्तिकेचे गाळलेले पान

मित्रांनो, मी इंग्रजांच्या काळात छापलेली एक जुनी पुस्तिका आहे. आज माझा मुक्काम भिलाईत, हुडको वसाहतीतल्या शेषरावांच्या कपाटात आहे. माझे लाल कापडी पुठ्ठे विटले आहेत आणि पाने हात लागताच कुरकुरतात.

रेल्वेच्या साहेबांना माणसे नोकरीला ठेवताना सोपे जावे, म्हणून मला तयार केले. कोणती जात कशी, कोणत्या धर्माचे लोक कसे, हे माझ्यात दोन-दोन ओळींत सांगितले आहे. लिहिणारा साहेब या मुलखात फक्त एक हिवाळा होता. तंबूबाहेर खुर्ची टाकून तो कारकुनांना विचारी आणि लिहून घेई. मुसलमानांच्या पानावर त्याने लिहिले, 'ही माणसे मुळातच तापट. विश्वासाची कामे यांना देऊ नयेत.' एकाही मुसलमानाशी तो घटकाभर बसून बोलला नव्हता. पण ते छापून आले आणि सगळे ते खरे मानू लागले. कितीतरी चांगल्या माणसांचे अर्ज ते पान पाहून बाजूला पडले. मला तेव्हा त्याचे काही वाटत नसे. साहेब मला खिशात बाळगतात, याचाच अभिमान होता.

साहेब गेले. कचेरीतले जुने कागद बाहेर निघाले, तेव्हा देवाजी नावाच्या कारकुनाने मला घरी आणले. इंग्रजी त्या घरात त्यांना एकट्यालाच येई. मुलगा शेषराव याला जवळ बसवून ते माझ्यातले अर्थ समजावून सांगत. मुसलमानांचे पान तर त्यांनी पुष्कळदा सांगितले. शेषराव मोठे झाले, रेल्वेत लागले, निवृत्तही झाले. त्या दोन ओळी मनात तशाच राहिल्या.

मागच्या वर्षी नफीसा नावाची नर्स त्यांच्या घरी आली. ती गावातल्याच कोहका वस्तीत राहत होती. वडील थकले होते, म्हणून दवाखान्याजवळ खोली शोधत होती. शेषरावांची वरची खोली रिकामी होती. त्यांनी तिला पाणी दिले, "सांगतो" म्हणाले, आणि ती गेल्यावर नाही म्हणायचे ठरवून टाकले.

"कावून?" त्यांच्या पत्नीने, राधाबाईंनी विचारले.

"बाबाच्या पुस्तकात लिवलं हाय. थे लोक तापट रायतात."

राधाबाई उन्हाळ्यात आठ दिवस नफीसाच्याच दवाखान्यात होत्या. त्या म्हणाल्या, "त्या पोरीनं आठ दिवस माह्ये केस विंचरले. मले तं नाही दिसली तापट." मग त्यांनी इंग्रजी शाळेत जाणारी नात मोना हिला बोलावले आणि वाचायला मला तिच्या हातात दिले.

मोना नववीत होती. तिने ते पान वाचले आणि पुढची पाने उलटत राहिली. एका पानावर थांबली.

"आजोबा, ये तो अपने बारे में है."

तिने अडखळत अर्थ सांगितला. कुणबी सांगितलेले ऐकतो, पण डोक्याने जड असतो. त्याला ओझ्याची कामे द्यावीत, लिहिण्याची देऊ नयेत.

शेषरावांनी मला तिच्याकडून घेतले. त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे पाहिले. "माह्या बाबानं हे पान मले कधीच वाचून नाही दाखोलं," ते म्हणाले.

मित्रांनो, मला हे ठाऊक होते. देवाजी ते पान एकटे असताना उघडत आणि त्यावर बोट ठेवून बसून राहत. त्यांच्या हाताखालची माणसे वर चढली, ते होते तिथेच राहिले. आपले पान खोटे आहे, हे त्यांना पक्के माहीत होते. मुसलमानांचे पानही त्याच हाताने लिहिले आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. किंवा आलेही असेल. मी कोणाला दोष देणार?

दुसऱ्या दिवशी शेषराव मला थैलीत घालून ऑटोने कोहक्याला गेले. नफीसाचे वडील मकबूल कारखान्यात क्रेन चालवीत असत. त्यांनी खुर्ची पुढे केली. चार घरांतून "सांगतो" ऐकले होते, पण परत येऊन सांगणारे तुम्हीच पहिले, असे ते म्हणाले. शेषरावांनी काही लपवले नाही. या पुस्तकातल्या एका पानावरून आपण नकार देणार होतो, हेही सांगितले. "गलती मेरी थी," ते म्हणाले. "कमरा आकर देख लो."

नफीसाने मला मागून घेतले आणि ते पान वाचले. मकबूल म्हणाले, "क्या लिखा है, बेटा?"

तिने मला मिटले. "कुछ नहीं, अब्बू. पुरानी किताब है."

शेषरावांनी मान खाली घातली. महिन्याभराने नफीसा आणि मकबूल वरच्या खोलीत राहायला आले.

मोना मला रद्दीत देणार होती. नफीसाच म्हणाली, राहू दे. म्हणून मी अजून आहे.

मित्रांनो, मला फाडू नका, पण डोक्यावरही घेऊ नका. माझ्यात ज्यांच्याविषयी लिहिले आहे, त्यांतल्या एकालाही कोणी काही विचारले नव्हते. तुम्ही आधी त्यांना विचारा. मला नंतर वाचले तरी चालेल.