अकरा सह्यांची चिठ्ठी

महालिंग आण्णांच्या फाउंड्रीत पंपाच्या साठ बॉड्या ओतल्या, त्यांतल्या तेवीस गळल्या. पाण्याचा दाब दिला की बिडाच्या अंगातून थेंब फुटायचे, घाम आल्यासारखे. दोष रशीद मुजावरांवर आला, कारण भट्टी त्यांच्या हातात होती. मी तेव्हा शिरोलीतल्या एका लहान तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट होते. दोष रशीदभाईंचा नव्हता. तो माझ्या चिठ्ठीचा होता.

१९८४ साली आमच्या भागातल्या पंधरा-वीस फाउंड्र्यांत एकाच जातीचे जपानी कॅल्क्युलेटर आले होते. त्यात अडतीस पायऱ्यांचा प्रोग्रॅम बसायचा. पायरी म्हणजे एक बटण. एकोणचाळिसावं बटण यंत्र घेतच नसे. प्रोग्रॅम दुसऱ्याला द्यायचा तर कागदावर चौकट्या आखून, एका चौकटीत एक बटण, असा लिहून द्यावा लागे. या कागदाला सगळे चिठ्ठी म्हणत. आमच्या खिडकीशेजारी एक खिळा होता. नमुना द्यायला आलेला माणूस रिपोर्टची वाट बघत खिळ्यावरच्या चिठ्ठ्या चाळायचा, हवी ती उतरवून घ्यायचा, आपल्याकडे एखादी नवी असेल तर अडकवून जायचा.

चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नसे. ज्यानं लिहिलं त्याला ते बरोबर वाटणारच, त्याच्या सहीला काय किंमत, असं सगळे म्हणत. सही करायची ती दुसऱ्यानं. चिठ्ठी वापरून पाहिली, चालली, की खाली 'तपासले' लिहून नाव घालायचं. उतरवून घेताना आधीची नावंही उतरवायची. मला ही पद्धत फार आवडली होती. कॉलेजात आम्ही आपलीच प्रयोगवही लिहून आपणच खरी मानायचो, त्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक वाटायचं.

माझी चिठ्ठी फेरोसिलिकॉनची होती. बिडात कार्बन आणि सिलिकॉन किती ते घातलं की बीड मऊ करायला अजून किती फेरोसिलिकॉन टाकायचं ते सांगायची. खऱ्या सूत्रात फॉस्फरसही लागतो. पण तो धरला की पायऱ्या एकेचाळीस व्हायच्या. आठवडाभर खटपट केली, तीन पायऱ्या काही निघेनात. शेवटी फॉस्फरसच काढला. त्या वेळी येणाऱ्या पिग आयर्नमध्ये, म्हणजे भट्टीत वितळवायच्या कच्च्या लोखंडात, तो इतका कमी असे की उत्तरात फरक पडत नव्हता. 'फॉस्फरस ०.१ टक्क्यापेक्षा कमी असेल तरच वापरावी,' असं मी लिहिलंही. पुढची बाजू चौकट्यांनी भरली होती, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं. ज्यानं पहिल्यांदा उतरवून घेतली, त्यानं कागद उलटला नाही.

एका गुरुवारी रशीदभाई गळक्या बॉडीचा तुकडा घेऊन खिडकीशी आले.

"मॅडम, हे तेवढं बगा. आण्णा म्हणत्यात मी चार्ज चुकवला, भट्टीत माल घालताना माप चुकलं. वीस वर्सं भट्टीवर हाय मी!"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पाचर मोडून बगितली तवाच मी पंचाक्षरीला म्हनलो, बीड मऊ हाय, आनखी सिलिकॉन घालू नगंस. त्यो म्हनला, मशीन घाल म्हनतंय."

पाचर म्हणजे भट्टीतलं थोडं बीड पाचरीच्या आकारात ओतून, गार करून मोडायचं आणि टोकाशी पांढरा भाग किती आहे ते बघायचं; पांढरं जितकं कमी, तितकं बीड मऊ. पंचाक्षरी म्हणजे आण्णांचा पुतण्या, नुकताच डिप्लोमा झालेला.

"मग घातलंत?"

"न घालून सांगतो कुनाला? सोमवारच्या सुट्टीनंतर मला भट्टीवरनं काढून ग्राइंडरवर घालनार हायत. ह्या वयात मी कास्टिंगं घासत बसू व्हय? काय असंल ते कागदावर लिहून द्या."

आण्णांनी त्या पिग आयर्नचा फक्त कार्बन आणि सिलिकॉन तपासून मागितला होता. मी त्या तुकड्यातला फॉस्फरस काढला. ०.४२ टक्के. पुन्हा केला, ०.४१. चिठ्ठीला हा फॉस्फरस दिसतच नव्हता, म्हणून तिनं मऊ बीड कडक समजून आणखी सिलिकॉन घालायला सांगितलं होतं. बीड फार मऊ झालं की आतून सच्छिद्र होतं आणि गळतं. पाचरीनं रशीदभाईंना दाखवलं ते खरं होतं.

शुक्रवारी दुपारी मी रिपोर्ट घेऊन फाउंड्रीत गेले. आण्णांनी चहा मागवला. पंचाक्षरीनं खिशातून चिठ्ठी काढली. तिला त्यानं प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं.

"ही चिठ्ठी चुकीची आहे," मी म्हणाले.

"अकरा सह्या हायत की ओ हिच्यावर," आण्णा म्हणाले. "अकरा माणसं खोटी आनि तुमी एकट्या खऱ्या?"

"ती मीच लिहिलीय, आण्णा."

"तुमी? मग तुमची सही कुठाय?"

"लिहिणाऱ्याची सही नसते ना."

"बगा! स्वतःच म्हणताय," आण्णा हसले. पंचाक्षरीही हसला, पण त्यानं चिठ्ठी घाईनं परत खिशात घातली.

मी फॉस्फरसचा आकडा दाखवला. आण्णांनी तो नीट वाचला. ते अडाणी नव्हते, आणि दुष्टही नव्हते.

"एक भट्टी रशीदभाईंच्या नजरेनं लावून बघा," मी म्हणाले. "चिठ्ठी बाजूला ठेवून."

"भट्टी म्हंजे काय तुमची प्रयोगशाळा हाय व्हय? एक भट्टी लावायची म्हंजे कोक लागतोय, तीस मानसं लागत्यात. असं करा. तुमची सुधारलेली चिठ्ठी आना. तिच्यावर एक, फकस्त एक सही आना. सोमवारपतोर. मग रशीदला हात लावत न्हाय. शबूद."

मागणी रास्त होती. आमच्याच नियमाची होती. मी प्रयोगशाळेत परतून नवी चिठ्ठी केली. चौकट्या त्याच अडतीस, पण या वेळी वर, ठळक अक्षरांत: 'आधी फॉस्फरसला तीनानं भागून कार्बनमध्ये मिळवा.'

शनिवारी आणि रविवारी मी त्या अकरांपैकी दहा जणांना गाठलं. अकरावा वारणानगरला नोकरीला गेला होता. विचारत गेले तसं कळलं, सात जणांनी चिठ्ठी वापरलीच नव्हती. उतरवताना बटण चुकलं नाही ना, एवढं मूळ चिठ्ठीशी ताडून पाहून त्यांनी 'तपासले' लिहिलं होतं. उरलेल्या तिघांनी खरोखर बीड ओतलं होतं. त्यांचं पिग आयर्न चांगलं होतं.

त्यांतले हंबीरराव सगळ्यात चोख माणूस. त्यांनी माझ्यासमोर दोन्ही चिठ्ठ्या चालवल्या.

"उत्तर एकच येतंय, मॅडम."

"तुमच्यात फॉस्फरस नाही म्हणून. असता तर वेगळं आलं असतं."

"आसंल. पर मी त्ये बगितलंय व्हय?"

"सूत्र तर बघा. पुस्तकात आहे."

"पुस्तकात बगून सही करायची आसती तर खिळा कशाला ठोकला आसता?" ते म्हणाले. मग जरा नरमले. "राग मानू नगा. माज्या भट्टीत जे घडलं न्हाय, त्याच्याखाली मी 'तपासलं' कसं लिवू? ही खोटी सही झाली की."

त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. नवी चिठ्ठी तपासायला फॉस्फरसवालं पिग आयर्न हवं होतं. ते आमच्या भागात फक्त आण्णांकडे आलं होतं, आणि ते तिथं त्या भट्टीत संपलं होतं.

सोमवारी सुट्टी. मंगळवारी सकाळी मी सही नसलेली चिठ्ठी घेऊन आण्णांकडे गेले. गुंडू नावाचा नवा माणूस भट्टीवर उभा होता. पिग आयर्नचा नवा ट्रक रिकामा होत होता. मी एक तुकडा मागून घेतला आणि त्याच दिवशी तपासला. फॉस्फरस ०.०६.

म्हणजे आता जुनी चिठ्ठी बरोबर उत्तर देणार होती.

गुंडूनं तीस बॉड्या ओतल्या. पंचाक्षरीनं सांगितलं तेवढं फेरोसिलिकॉन घातलं. एकही गळली नाही. शुक्रवारी आण्णा रिपोर्ट न्यायला स्वतः आले.

"बगितलं न्हवं, मॅडम? चिठ्ठी तीच, मशीन त्येच. मानूस तेवढा बदलला."

"पिग आयर्नही बदललं, आण्णा."

"त्ये तर दर ट्रकला बदलतंय." त्यांनी रिपोर्टची घडी केली. त्यांच्यामागे पंचाक्षरी उभा होता. त्यानं कव्हरमधून चिठ्ठी काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून खाली बारावी सही केली आणि एक नक्कल खिळ्यावर अडकवली. त्यानं नियम मोडला नव्हता. त्यानं खरंच तपासलं होतं.

ती नक्कल मी काढून टाकू शकले असते. पण तशा चिठ्ठ्या आता कितीजणांच्या खिशात होत्या, याचा मला अंदाजही नव्हता.

पुढच्या आठवड्यात एक नमुना आणायच्या निमित्तानं मी फाउंड्रीत गेले. रशीदभाई शेडच्या टोकाला ग्राइंडरवर होते. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगभर बिडाची पूड. मला बघून त्यांनी यंत्र थांबवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. मी त्यांना सगळं सांगितलं. दोन्ही ट्रकांतला फॉस्फरस, सात जणांनी नुसतं ताडून पाहिलं ते, चिठ्ठीमागचं माझं वाक्य. चिठ्ठी माझी होती हेही सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "०.४२ म्हंजे लई?"

"चिठ्ठीला चालतो त्याच्या चौपट."

"पाचर तेच सांगत हुती."

"हो."

"आनि आता हे कुनाला दाखवायचं?"

दाखवायला कोणी उरलं नव्हतं. ज्यांना दाखवायचं त्या सगळ्यांना दाखवून झालं होतं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि चष्मा खाली ओढला. "सरका जरा मागं. ठिनग्या उडत्यात."

मी मागे सरकले.