पिवळ्या दोऱ्याच्या चार गाठी

मतदान केंद्राच्या पायरीवर मल्लव्वानं बोट उन्हात धरलं आणि बोटावरच्या पिवळ्या दोऱ्याच्या गाठी पुन्हा मोजल्या. एक, दोन, तीन... चार. आत घाईत, नेहमीच्या सवयीनं गाठीच मोजल्या तेव्हाही चारच होत्या, आणि तिनं बटन दाबलं होतं तेही चारच नंबरचं.

"अय्यो शिवा! तीन पायजे होत्या की!" ती मटकन खाली बसली.

महापालिकेला यंदा माणशी चार मतं, मशीनवर दर मताला वेगळ्या रंगाची पट्टी. विडी कामगारांच्या युनियननं तीन मतं ज्याच्या त्याच्या मनावर सोडली होती. पण पिवळ्या पट्टीवर तीन नंबर, म्हणजे आपल्यातलीच विडी वळणारी चंद्रिका, असा निरोप होता. गल्लीत हा निरोप पोचवायचं काम तीस वर्षं मल्लव्वाचं. अर्ध्या बायांना वाचता येत नाही, चिठ्ठी चुलीत जाते; म्हणून ती विडी बांधायचा दोराच बोटाला बांधायची. जितका नंबर, तितक्या गाठी. आणि गाठ तरी कसली! एकदा तिनं म्हशीच्या दाव्याला गाठ मारली, तर म्हैस खुंट्यासकट विकावी लागली. तिच्याच शब्दावर सगळी गल्ली मत टाकते हे सोलापूरच्या चिमण्यांनाही ठाऊक होतं, असं ती स्वतःच सांगायची.

काल चाळीस घरं फिरली. तोंड गप्पांत, हात दोऱ्यात. तीन गाठी मोजून मारल्या, आणि विडीवर मारतात तशी वर एक आवळायची गाठ चाळीस वर्षं विड्या बांधणाऱ्या हातानं न विचारताच मारली.

अन् पिवळ्यावर चार नंबर कोण? शंकरप्पा! विड्या मोजून घेणारा कंत्राटदार. हजारातल्या शंभर विड्या 'छाट', म्हणजे खराब, म्हणून बाजूला काढायचा आणि त्याच मागच्या दारानं विकायचा.

चाळीस मतं! मागल्या खेपेला तर हार-जीत एकवीस मतांवर झालेली. मल्लव्वा उठली आणि अशी पळाली, की ती गल्लीत पोचली तेव्हा तिचा पदर अजून चौकातच होता.

राजाबाई दारात सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.

"राजा, मत टाकलंस व्हय?"

"सकाळीच की. दम खा आधी, मल्लव्वाक्का."

"गाठी मोजल्यास?"

"त्या दोऱ्याच्या? तुझी पाठ वळली तवाच काढला की मी, विडीला बांधला. दोरा काय फुकट येतोय?"

"मंग बटन कुठलं दाबलंस?"

"चंद्रिकाचं! शंकरप्पाला देईन व्हय? त्यापरीस आमच्या बोकडाला देईन. खाल्लेलं निदान लेंड्यांनी तरी परत देतोय!"

समोरच्या दारातून सावित्रम्मा खिदळली. "माझा दोरा नातीच्या भावलीला गेला. खरं सांगू का अक्का? मागल्या टायमाला बी आमी आमच्याच मनानं टाकलं. त्याच्या मागल्या बी."

मल्लव्वा उंबऱ्यावर टेकली. छातीवरचा जात्याएवढा धोंडा खाली उतरला. ती इतकी हसली, की डोळे पुसत बसावं लागलं. मग हळूच दुसरंच काहीतरी टोचलं.

"मग तीस वर्षं मला बोट का गं देत होता?"

राजाबाईनं कात्री खाली ठेवली. "तू येतीस, म्हशीची थाप मारतीस, हात हातात घेऊन बसतीस. आमचा हात कोण धरतंय, अक्का?"

"ते काय का असंना," सावित्रम्मा म्हणाली, "आपल्या गल्लीतलं एक बी मत शंकरप्पाला न्हाय गेलं!"

"न्हायच की," मल्लव्वानं बोट पदराखाली सारलं. "कोण येडी देतीय त्याला?"

सावित्रम्मा चहा ठेवायला आत गेली. मल्लव्वानं राजाबाईच्या कात्रीनं बोटावरचा दोरा कापला. सुपातलं एक पान उचलून विडी वळली आणि तो चार गाठींचा तुकडा तिला बांधला. विडी चांगली झाली होती.

तरी तिनं ती स्वतःच्या हातानं छाटीत टाकली.