पहाटेपुरता उजेड

वायरमनने चौथ्या टॉर्चचं बटण दाबलं आणि उजेड आपल्याच तळहातावर पाडून पाहिला. दुपारचे बारा वाजलेले, ऊन दारातून थेट गल्ल्यापर्यंत आलेलं. त्या उन्हात टॉर्च बिचारा काय दिवे लावणार!

"दादा, उन्हात टॉर्च बघणं म्हणजे पोहता येतं का ते खुर्चीवर बसून सांगणं," दुकानवाल्या मावशी म्हणाल्या. साठी उलटलेली, चष्मा दोरीने गळ्यात टांगलेला. बाई तोंडाने फटकळ आणि मापाने सढळ. खिळे मोजून मागितले तरी दोन जास्तच टाकायच्या. "कशासाठी हवा ते सांगा, म्हणजे बरोबर देते."

"रात्री बाहेर कामाला."

"टॉर्च दिवसा कोण नेतं हो? काम कसलं?"

"खांबावर चढायचं. तारा बघायच्या."

"मग आजवर काय काजवे धरून चढत होतात?"

शेजारी उभी असलेली त्याची बायको हसली. तो हसला नाही.

खरं तर ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार चालला होता. त्याला टॉर्च हवा होता, पण त्याहून जास्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि तो प्रश्न त्याने अजून कुणालाच विचारला नव्हता. गेले पाच महिने रात्री खांबावर चढलं की तारा धूसर दिसत. आधी त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, मग दोन तारांमधली मोकळी जागा दिसेना. दर आठवड्याला नवे सेल घातले, उपयोग शून्य. मागच्या महिन्यात तर कुठला फ्यूज उडालाय तेच कळेना म्हणून तो अर्ध्यातून उतरला आणि खाली थांबलेल्या सोबत्याला म्हणाला, पायात गोळा आलाय, तू चढ. गोळा आला होता हे खरं. पायात नव्हता, पोटात होता.

वडिलांचे डोळे असेच गेले होते, पन्नाशीला. आधी रात्रीचं दिसेना, मग संध्याकाळचं, मग भर दुपारचंही. वायरमनला यंदा एकोणपन्नासावं. भीतीला दारात उभं राहू दिलं की ती पाणी मागते, पाणी दिलं की अंथरूण मागते. त्याच्याकडे ती आता घरच्यासारखी राहत होती. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं : चांगल्यातला चांगला टॉर्च आणूनही दिसलं नाही, तर सोमवारी साहेबांपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, मला खांबावरून उतरवा. सव्वीस वर्षांचं काम एका वाक्यात संपवायचं. डॉक्टरकडे जायचा धीर होत नव्हता. डॉक्टर खरं बोलतात.

मावशींनी वरच्या फळीवरून मुसळाएवढा एक टॉर्च काढला.

"हा दोन किलोमीटर जातो म्हणे. मी मोजायला गेलेली नाही."

"हाच द्या," वायरमन म्हणाला.

"अहो, किंमत तरी विचारा," बायको दचकून म्हणाली. दाढीचं पातं महिनाभर पुरवणारा हा माणूस. "नाकापेक्षा मोती जड होईल."

"कामाची वस्तू आहे."

"थांबा," मावशींनी टॉर्च मागे ओढला. "माझ्या दुकानात माल असा जात नाही. मागे कोठी आहे, खिडकी नाही. पलीकडच्या भिंतीला सिमेंटची पोती आहेत. आधी तुमचा जुना लावून बघा, मग माझे. फरक कळला तरच पैसे घेते."

कोठीचं दार लागलं आणि तिघेही काळोखात उभे राहिले. सिमेंटचा, टर्पेंटाइनचा वास. वायरमनने पिशवीतून जुना टॉर्च काढून लावला. समोरच्या भिंतीवर ताकाच्या निवळीसारखा एक फिकट, पिवळट डाग पडला.

"काय लिहिलंय वाचा."

"पोती आहेत."

"पोती आहेत ते मलाही ठाऊक आहे, मीच ठेवलीत. लिहिलंय काय त्यांच्यावर?"

त्याने टॉर्च तळहातावर आपटून पुन्हा पोत्यांवर रोखला.

"मलाही वाचता येत नाहीये," बायको हळूच म्हणाली.

समजूत घालतेय, त्याला वाटलं. वडिलांचीही ती अशीच समजूत घालायची : मामंजी, आज ढगच आहेत, मलाही काही दिसत नाही.

मावशींनी त्याच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि चाचपडत दुसरा दिला. हलकासा, मुठीत मावणारा. त्याने बटण दाबलं.

भिंत एकदम पुढे आल्यासारखी वाटली.

"पन्नास किलो," वायरमन म्हणाला. मग थोडं थांबून, "ओलाव्यापासून दूर ठेवा. हूक लावू नये." उजेड शेजारच्या खोक्यावर गेला. "उंदरांचं औषध. मुलांपासून लांब ठेवा. खाली बारीक अक्षरात... हात साबणाने धुवावेत." तो वाचतच सुटला. दारावर खडूने लिहिलेला फोन नंबर वाचला, रंगाच्या डब्यावरची तारीख वाचली, रिकाम्या पिंपावर काही नव्हतं तर तेही सांगितलं.

"अहो, पुरे," बायको म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"मावशी, हा कितीचा? भारीतला असेल."

"भारीतला कसला! सगळ्यात स्वस्तातला. रात्री कुलूप लावताना मी वापरते तो."

मावशींनी दार उघडलं, जुना टॉर्च उजेडात आणला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. काचेवरून नख फिरवलं. नख अडकलं.

"दादा, हे काय चिकटवलंय?"

"पट्टी आहे, पारदर्शक. काचेची कड सैल झालीय, पावसात पाणी शिरतं."

"कधी लावली?"

"दर पावसाळ्याआधी लावतो. यंदाचीला पाच महिने झाले."

"जुनी काढून?"

"वरूनच," वायरमन म्हणाला. नोकरीच्या पहिल्या दिवशी थोरल्या फोरमननी त्याला खांबाखाली उभं करून सांगितलं होतं, जुना जोड उघडायचा नाही, वरून पट्टी मारायची. सव्वीस वर्षांत त्या एका वाक्याने त्याला कधी दगा दिला नव्हता. डोक्याला न विचारता हातच ते वाक्य पाळत आले होते. तारेवर पाळलं, तसं टॉर्चच्या काचेवरही.

मावशींनी कड धरून ओढली. कांद्याचं साल निघावं तसा एक थर निघाला, त्याखाली दुसरा. पिवळे, कडक, मधे धूळ धरलेले. बायको मोजत होती. सातव्याला काच दिसली.

"सात रजया पांघरून निजवलाय दिव्याला," मावशी म्हणाल्या, "आणि म्हणे उजेड का पडत नाही!"

वायरमनने जुना टॉर्च घेतला, एकटाच कोठीत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर दोघींना ऐकू येत होतं, शाळेतल्या मुलाने धडा म्हणावा तसं : पन्नास किलो. ओलाव्यापासून दूर ठेवा. हूक लावू नये.

आत त्याने सिमेंटच्या पोत्यांपुढे हात जोडले होते. दुसरं काही समोर नव्हतं, आणि ज्याला जोडायचे तो जागेसाठी अडून बसणारा नव्हे. 'देवा, पट्ट्या मी चिकटवायच्या आणि जाब तुला विचारायचा. पाच महिने तुला काय काय बोललो, मनावर घेऊ नकोस.' त्याला हसू फुटलं, मग डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांना पोत्यांवरची अक्षरं पुन्हा धूसर दिसायला लागली. या वेळी तो घाबरला नाही. बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं.

"चल," बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला. "घ्यायचं काही नाही. जुनाच झकास आहे."

"घ्या!" मावशींनी कपाळाला हात लावला. "सात थर मी सोलायचे आणि गल्ला रिकामाच."

बायको मात्र जागची हलली नाही. स्वस्तातला तो छोटा टॉर्च तिच्या हातात होता.

"हा घेऊ या."

"कशाला? माझा आहे की आता."

"मला हवाय."

"तुला?"

मावशींना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या दुकानाच्या पार टोकाला जाऊन खिळ्यांचे डबे खालीवर करू लागल्या.

"सोमवारपासून दवाखान्याच्या स्वयंपाकघरात जाणार होते," बायको म्हणाली. "पहाटे पाचला हजर व्हावं लागतं. आज-उद्या सांगणारच होते तुम्हाला."

"कामाला? पण का?"

तिने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

"तुमच्या वडिलांना सहा वर्षं मी हाताला धरून फिरवलंय. अंधार पडला की पाऊल टाकायच्या आधी ते भिंतीला हात लावायचे. गेले पाच महिने तुम्ही तसंच करताय. म्हटलं, तुम्हाला सांगवेल तेव्हा सांगाल. तोवर घर चालायची सोय तर लावून ठेवू."

वायरमनने आपल्या हाताकडे पाहिलं. आपला हात भिंतीकडे जातो हे त्याला माहीतच नव्हतं. डोळे धडधाकट होते. हात भीतीने जात होता. आणि एवढे दिवस तो समजत होता, ओझं आपण एकट्याने उचललंय. दुसरं टोक हिने कधी खांद्यावर घेतलं, याची चाहूलही तिने लागू दिली नव्हती.

"आता नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. "गरज कुठे राहिली?"

टॉर्च मात्र तिने खाली ठेवला नाही. चोवीस वर्षांच्या संसारात त्याला हा हात ठाऊक होता. जे सोडायचं असतं ते तो लगेच सोडतो.

"काम कसं आहे?" त्याने विचारलं.

"दोनशे माणसांचं जेवण असतं. एवढाली पातेली!" तिने हात पसरून दाखवले. "बघून आले मी. मुख्य बाईंनी मला मीठ घालायला सांगितलं, अंदाजाने. बरोब्बर पडलं. त्या म्हणाल्या, असं हाताने मोजणारं माणूस मिळत नाही."

त्याने तिच्या हातातून टॉर्च काढून घेतला. तिचा चेहरा उतरला.

"हा नको," तो म्हणाला. "याचा उजेड लांब आणि बारीक जातो. पोती वाचायला ठीक आहे, पण तुला चालायचंय. पायाखालचं दिसायला पसरट उजेड लागतो. मावशी, सगळी खोकी काढा बरं."

मघाशी मुसळ डोळे झाकून घ्यायला निघालेला हा गृहस्थ आता एकेक टॉर्च पारखायला बसला. ओल्या बोटाने बटण दाबून पाहिलं. पिशवीत आपोआप लागणार नाही ना, तेही. सेल साधे आहेत का, कोपऱ्यावर मिळतात का. मनगटात अडकवायची दोरी ओढून पाहिली. कोठीत चार फेऱ्या झाल्या, दर वेळी बायकोला चालायला लावून.

"आता आलं खरं गिऱ्हाईक," मावशी पुटपुटल्या.

शेवटी एक हिरवा टॉर्च पसंत पडला, स्वस्तातल्यापेक्षा थोडासाच महाग. मावशींनी घासाघीस व्हायच्या आतच किंमत कमी केली आणि वर दोन सेल फुकट टाकले.

दोघं रस्त्याला लागले. ऊन मी म्हणत होतं. हिरवा टॉर्च तिने मुठीत धरला होता, पिशवीत टाकला नव्हता.

"दवाखान्याकडचा रस्ता पहाटे सुनसान असतो," तो म्हणाला.

"म्हणून तर घेतला."

"माझी रात्रपाळी साडेचारला सुटते. मी येत जाईन सोडायला."

"मग पैसे कशाला घालवले?" ती थबकली. "तुमचा होता की!"

तो चार पावलं तसाच चालला. मग मागे वळून तिची वाट पाहत उभा राहिला.

"मी आपला मागून येईन," तो म्हणाला. "टॉर्च तू धर."