ऑस्करची मासळी

नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे. आई म्हणते, म्हणूनच तुला ही नोकरी मिळाली. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी फुलपाड्यात आमचं मदत केंद्र आहे. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून तिथे आजवर एकही बाई आली नव्हती. तिथले नवरे काय देवदूत आहेत? मला चैन पडेना, म्हणून सकाळीच तिथल्या धक्क्यावर मासळीचा लिलाव बघायला गेले.

बोंबील, कोळंबी, मांदेली, सगळ्यांवर बोली चढत होती. पापलेटच्या दोन टोपल्या मात्र तशाच पडून. मासळी तर चांगली ताजी होती.

"ही कोणी का घेत नाही?" मी शेजारी बसलेल्या कोळणीला, रंभामावशींना विचारलं.

"ऑस्करच्या बोटीची हाय. बायकोवर हात उचलला त्यानं. ही बघा, प्रिन्सी. माझ्या घरी हाय. तो माफी मागत नाय तवर त्याची मासली कोन घेनार नाय."

मावशींच्या मागे ओठ सुजलेली प्रिन्सी बसली होती. मी चाटच पडले. इथे घेणाऱ्या सगळ्या बायका. त्यांनी तोंड मिटलं की बोटवाल्याची बोटच बुडाली. मला भारी आनंद झाला.

तेवढ्यात ऑस्कर आला. सगळ्यांदेखत हात जोडून म्हणाला, "चुकलं मावशी. परत नाय होनार."

बायकांचे चेहरे खुलले. "ऊठ पोरी," मावशी म्हणाल्या, "जा त्याच्याबरोबर."

प्रिन्सी उठली नाही. मला कुठलं राहवतंय? "तुला काय हवंय गं?" मी विचारलं.

"तिला काय इचारायचं?" मावशी माझ्यावर डाफरल्या. "आमी हाव ना."

"मागल्या टायमाला पन तुमी होता," प्रिन्सी हळूच म्हणाली. "त्यानं माफी मागली, तुमी मासली घेतली, मी घरी गेली. चारचौघांत मान खाली घालावी लागली, त्याची भरपाई त्यानं दार लावून केली."

मला माझ्या मघाच्या आनंदाची लाज वाटली.

"त्याची मासली खुशाल घ्या," प्रिन्सी म्हणाली. "बदल्यात मला देऊ नका."

मावशींनी उठून त्या टोपल्यांवर चांगली बोली लावली. टोपल्या आपल्याकडे ओढल्या आणि मावशी ऑस्करच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"मासली घेतली," त्या म्हणाल्या. "पोर नाय मिलनार."