पहिल्या आंब्याचा मान

मावसबहीण सुट्टीला आली की आनंद व्हायला हवा, हे तेजस्वीला ठाऊक होतं. दोन दिवस झालाही होता. तिसऱ्या दिवशी तन्वीने वेंगुर्ल्याहून आणलेल्या पिशवीतून स्वतःची हत्यारं काढली, आणि आनंदाने पाय लावून पळ काढला.

तन्वी आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकत होती. वर्गात मुली दोनच, आणि त्यातली पहिली ही. तेजस्वी यंदा दहावीला. पण बाबांच्या सात सीटांच्या गाडीचा तिला आठव्या वर्षापासूनचा अनुभव होता. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणून देवबागच्या घरगुती लॉजमध्ये सोडायचे, हा बाबांचा धंदा. टायर बदलायचा असो की पाणी भरायचं असो, बाबांची हाक एकच असायची, ‘तेजू, ये गो.’ ती हाक म्हणजे तिची इस्टेट होती.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी गाडीचा एसी चालू होईना. म्हणजे एसी ठीक, पण वारा फेकणारा पंखाच फिरेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुंबईचं चार जणांचं कुटुंब येणार होतं, त्यात ऐंशीच्या एक आजी. मे महिन्यात खाडीकाठच्या दमट हवेत बंद पंख्याची गाडी म्हणजे मोदकपात्रच. बाबांनी बटण चार वेळा फिरवलं, कपाळ पुसलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली.

“तन्वी, जरा बघ गो.”

तेजस्वी तुळशीला पाणी घालत होती. तांब्या तिरका तसाच राहिला, आणि ती वळली तसं पाणी पायावर गेलं.

तन्वीने काम मात्र रीतसर केलं, एवढं कबूल करायलाच हवं. आधी फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार तुटलेली. नवा घातला, बटण फिरवलं, टिक, उडाला. तिसरा घातला, तोही गेला. मग दिव्याची एक छोटी सळई फ्यूजच्या खोबणीला टेकवून तिथवर वीज पोचते का ते पाहिलं. पोचत होती. प्रत्येक वेळी ती काय करतेय ते बाबांना समजावून सांगे, आणि बाबा, जे तेजस्वीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभातही पेंगले होते, ते मान डोलावत ऐकत होते. आई सरबत घेऊन आली. पहिला पेला तन्वीला. तेजस्वीच्या पेल्यात लिंबाची बी आली. हल्ली सगळ्या बिया तिच्याच पेल्यात यायच्या.

शेवटी तन्वीने निकाल दिला. “काका, मोटर आतसून गेली. शॉर्ट मारता. नवीन घालूक होयी.”

बाबांनी लगेच चावी शोधली. कुडाळला जाऊन मोटर आणू, तू चल, पार्ट तुला बरोबर ओळखता येईल, असं ते तन्वीला म्हणाले. म्हणजे पुढची सीट तन्वीची. तेजस्वीच्या पोटात जे पेटलं त्यावर चुलीवरचा भात शिजला असता.

पण त्याच क्षणी तिला दुसरंही काहीतरी आठवलं, आणि ती गार पडली.

त्याचं असं झालं होतं. घरात आंब्याची अढी लागली की पहिला पिकलेला आंबा देवाला आणि दुसरा पाहुण्याला, हा आईचा कायदा. यंदाचा पाहुणा कोण हे सांगायला नको. तन्वी तो कापून त्यातली फोड बाबांना देणार, आणि बाबा म्हणणार, वा. मग तेजस्वीने स्वतःची अढी घातली. चोरून. कुठे, तर गाडीत. गाडी चार दिवस उन्हात उभी होती, आत भट्टीसारखी ऊब. आंबे घरच्यांच्या आधी पिकणार हा तिचा हिशेब. पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत तिने भाताचं गवत पसरलं, त्यात बारा आंबे मांडले आणि वर पुन्हा गवत. आंबे पिकले नाहीत, उकडले. मंगळवारी बाबांना अचानक भाडं आलं, तेव्हा तिने घाईघाईने आंबे काढून कोंबड्यांपुढे टाकले आणि गवत मुठीमुठीने उपसलं. सगळं निघालं नसणार. आणि पंख्याचं हवा ओढायचं तोंड नेमकं तिथेच, वरच्या बाजूला.

मोटर जळली नव्हती. गवतात अडकली होती.

गप्प बसावं, असं तिला मनापासून वाटलं. कुडाळच्या भर उन्हात तन्वीला नवी मोटर शोधू दे, आणि ती फुकट गेली की बाबा बघतील. पण पुढचा विचार आला तो आणखी वाईट होता. जुनी मोटर काढणार कोण? तन्वी. गवत सापडणार कुणाला? तन्वीला. म्हणजे गुन्हा तेजस्वीचा आणि शोध पुन्हा हिचाच. हे मात्र होऊ द्यायचं नव्हतं.

“बाबा, कुडाळाक जाव नकात. आधी मोटर खोलून बघूया,” ती म्हणाली, आणि कुणी हो म्हणायच्या आत पुढच्या सीटसमोर, डॅशबोर्डखाली उताणी शिरली.

तीन स्क्रू होते. तिसरा सुटला तशी मोटर तिच्या छातीवर आली, आणि पंख्याभोवती करकचून गुंडाळलेलं गवत, सुगरणीच्या घरट्यासारखं.

बाबांनी ते हातात घेऊन वास घेतला. “ह्यां गवत हंय खंयसून इला?”

आता थाप मारता आली असती. उंदरांवर सगळं ढकलता येतं, उंदीर उलट बोलत नाहीत. तिने तोंड उघडलंही. पण बाबा तिच्याकडे बघत होते. आठवड्यात पहिल्यांदा फक्त तिच्याकडे.

“मिया आडी घातलंय,” ती म्हणाली. “तन्वीच्या आधी तुमका आंबो देवचो होतो.”

बाबांनी गवत खाली ठेवलं, आणि ते हसतात की रागावतात ते काही कळेना.

बोलली ती तन्वी. “काका, मी पण चुकलंय. मोटर न खोलता गेली म्हटलंय. आमच्या सरांनी कान धरले असते.”

एवढंच. एका दमात, सरबत पिता पिता. तेजस्वीला जे सांगायला बाराचं ऊन डोक्यावर यावं लागलं, ते हिने दोन घोटांत सांगून टाकलं. म्हणजे चूक कबूल करण्यातही ही पुढेच. माणसाने जळायचं तरी किती बाजूंनी?

बाबांनी दोघींनाच मोटर बसवायला लावली आणि तेजस्वीला वर एक शिक्षा दिली: उद्या स्टेशनवर जायच्या आधी सगळी गाडी आतून झाडायची. ‘स्टेशनवर जायच्या आधी’ हे तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं. कुणी जायचं ते बाबांनी सांगितलं नव्हतं, पण झाडू तिच्या हातात होता. तो हातात असलेल्याला गाडीतून उतरवणं कठीण असतं.

चौथा फ्यूज टिकला. बटण फिरवताच पंखा घरघरला आणि भर्रकन वारा सुटला. आत उरलेल्या गवताच्या चार काड्याही उडाल्या, आणि त्यातली एक तन्वीच्या वेणीत, बरोबर मधोमध, ताठ उभी राहिली. तन्वीला पत्ता नव्हता. ती त्याच तोऱ्यात शेजारच्या यशोदाकाकूंकडे मोटरची हकीकत सांगायला निघाली.

तेजस्वीने काडी पाहिली. सांगितलं नाही. सगळंच काय एका दिवशी कबूल करायचं असतं?