जावयाने गाडी धुतली

ऐन फेब्रुवारीत गाडी धुणारा माणूस सस्कॅचवानच्या बर्फाळ माळावरच्या त्या गावात कुणी पाहिला नव्हता. तो आला तो दार्का हनात्युकचा जावई होऊनच.

टॉबिन समुद्रकाठच्या व्हिक्टोरियाचा. तिकडे फेब्रुवारीत झाडांना फुलं येतात. धंद्याने केस कापणारा, स्वभावाने गोड. लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला. ‘गोड आहे, पण कामाचा नाही,’ असं दार्काने दोन दिवसांत ठरवूनही टाकलं होतं. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. कारण शनिवारी संध्याकाळी तो गुपचूप तिची गाडी घेऊन पेट्रोलपंपावर गेला, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा सगळा चिखल धुऊन काढला, गाडी आरशासारखी चकचकीत करून अंगणात आणून लावली आणि सवयीने हँडब्रेक ओढला. रात्री पारा उणे छत्तीसला गेला.

रविवारी शेजारच्या गावात बायकांच्या कर्लिंगची अंतिम फेरी होती. दार्का कप्तान. बर्फावर दगड सरकवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण तिचा चमू अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोचला होता. लेक लॅरिसा पेरोगींचं, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांचं, पातेलं घेऊन मैत्रिणींबरोबर सकाळीच पुढे गेली. बाकी गावही गेलं. मागे उरले सासू-जावई आणि समोरचा म्हातारा ओरेस्ट. ओरेस्टने वयामुळे गाडी चालवणं सोडलं होतं, सल्ले देणं नव्हे.

रात्रभर इंजिनाच्या हीटरची वायर लावलेली असल्याने गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. दार्काने गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडीने बूड टेकल्यासारखं केलं आणि जागची हलली नाही. तिने उतरून पाहिलं. पुढच्या चाकांनी बर्फ उडवला होता, मागची खिळे ठोकल्यासारखी गप्प.

“हँडब्रेक कुणी ओढला?”

“मी,” टॉबिन म्हणाला. “म्हटलं, उतारावर गाडी सरकायला नको.”

“उतार? जावईबापू, इथून क्षितिजापर्यंत कुठे उतार दिसला तर मलाही दाखवा!”

हँडब्रेकचा दांडा खाली होत होता, पण आत ओले ब्रेक गोठून चाकातल्या ड्रमला चिकटले होते. दार्का हातोडी आणायला मागच्या खोपटात गेली. ती परत येईस्तोवर टॉबिनने किटलीभर उकळतं पाणी उजव्या मागच्या चाकावर ओतलं होतं. वाफेचा ढग उठला, विरला, आणि चाकावर काचेसारखा बर्फाचा थर चढला.

“छान!” ओरेस्ट फाटकातून ओरडला. “आता वरून साखर पेरा, म्हणजे मिठाई झाली!”

“ओरेस्टकाका, तोंड मिटा, दातांना थंडी लागेल,” दार्का म्हणाली. जावयाच्या हातातली किटली तिने काढून घेतली आणि लांब नेऊन ठेवली.

तिने डाव्या ड्रमवर लाकडाचा तुकडा धरून हातोडीने चहूबाजूंनी ठोकलं. मग गाडीत बसून जरा पुढे, जरा मागे असे हेलकावे दिले. कट्‌कन आवाज झाला. डावं सुटलं. उजवं, पाणी प्यायलेलं, ढिम्म. पुन्हा ठोकलं, पुन्हा हेलकावे. शेवटी ती पायरीवर बसली. उशीर झाला की समोरच्यांना फुकटचे गुण मिळतात, हा नियम तिला पाठ होता. इतक्या वर्षांनी हे दार उघडलं आणि आपण उंबऱ्यातच अडकलो, या विचाराने तिने हातोडी बाजूला टाकली.

टॉबिन घरात गेला. आला तो केस वाळवायचं आपलं दांडगं यंत्र घेऊन. इंजिनाची वायर काढून त्याने ते जोडलं, चाकाभोवती घोंगडीचा तंबू केला आणि पुठ्ठ्यावर आडवा झाला.

“एका जागी धरून जमत नाही,” तो आतून म्हणाला. “डोकं भाजतं. फिरवत राहायचं. आणि टॉवेल द्या, पाणी टिपायला हवं, नाहीतर परत गोठेल.”

हे मात्र दार्काला पटलं. तीही घोंगडीत शिरली.

“लॅरिसा तुमच्याकडे केस कापायलाच आली होती ना?”

“हो. खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, आईला माझी वेणी फार आवडते. मी म्हटलं, मग आज नको, विचार करून ये. दुसऱ्या दिवशी आली, पण केस तसेच राहिले. आम्ही कॉफी प्यायला गेलो.”

दार्का हसली. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे कण चढले होते, बोटं लालभडक झाली होती. “आण इकडे ते,” म्हणत तिने यंत्र ओढून घेतलं. “जा, आत जाऊन हात शेक.”

तो गेला नाही. टॉवेल घेऊन पाणी टिपत राहिला. ड्रममधून थेंब पडायचे थांबले तेव्हा तिने हातोडी घेतली. दोन ठोके, एक हेलकावा, आणि चाक फिरलं. ओरेस्टने थाळी वाजवल्यासारखी फाटकावर थाप मारली.

तिने अंगणातच ब्रेक दोनदा तपासला. पुढे गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावरही सुरुवातीला हळू चालवत ती पायाने ब्रेक हलकेच दाबत-सोडत राहिली, आतली उरलीसुरली ओल सुकावी म्हणून.

उशीर व्हायचा तो झालाच. समोरच्यांना एक गुण आधीच देऊन टाकला होता. दार्का जीव तोडून खेळली, आणि नेमक्या एका गुणाने हरली.

खेळानंतर तिथेच जेवणाच्या टेबलाशी चमूतल्या सगळ्या जणी तिच्याभोवती जमल्या. “अगं, पण झालं काय होतं?”

टॉबिनने घसा साफ केला. “खरं तर मी काल...”

दार्काने टेबलाखाली त्याच्या पायावर बूट ठेवला. “जुनी गाडी आहे गं. थंडीत रुसली. हा होता म्हणून निदान खेळायला तरी मिळालं.”

लॅरिसाने आईकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या लाल बोटांकडे. दार्काने पातेलं पुढे ओढलं आणि त्याच्या ताटलीत पेरोगी वाढल्या, वर परतलेला कांदा, त्यावर आंबट साय, हात न आखडता.

“खा रे,” ती म्हणाली. “लाजतोस काय?”